किनार

तीन पूर्णांक दोन मिलिमीटर.
एवढ्यात डोकं, मान, छाती, पोटाची उघडी पडलेली वलयं
आणि पाठीवर दोन आखूड झाकणं,
थोरल्याचा सदरा धाकट्याला जातो तसा
धाकट्याचा थोरल्याला चढवल्यासारखी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
यानं पाय पसरले,
वर शेपूटही उचलून दाखवलं.

नान्नजचा माळ, फेब्रुवारी, सकाळचे साडेसहा.
काळविटांच्या लेंड्यांचा ढीग,
मी गुडघ्यांवर, तोंडात कीटक ओढायची रबरी नळी,
आणि दूधवाला गाडी थांबवून विचारतो,
"ताई, काय हरवलं?"
नळी तोंडात असताना काय सांगणार.
तोही खाली बसला, थोडा वेळ शोधू लागला,
काय ते न विचारता.

एकूण अकरा. सात नर, चार माद्या.
एका मादीचा डावीकडचा मधला पाय नाही.
तेही लिहायचं असतं.

एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत पंखा लावता येत नाही.
लावला की सगळी प्रजाती टेबलावरून उडून जाते,
जिला उडता येत नाही ती.
त्रेचाळीस अंश. घाम भुवईवर अडवायचा,
सुईच्या टोकावर श्वास धरायचा,
झाकण उचलायचं.
खाली पंख नाही. पंखाचा खुंट,
भाताच्या शिताचा अर्धा कोंभ म्हणावा इतका.

पुण्याहून सरांची शंका आली:
मुंग्यांनी कुरतडले नाहीत कशावरून?
मी आठ दिवस त्या एका ओळीवर बसून.
अकराच्या अकरा कुरतडले जातील का?
जातीलही. मुंग्या आहेत.

नायना रविवारी डबा घेऊन आले.
चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर,
दोन्ही कान खटखटीला दिलेले,
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. त्याच डोळ्यानं
सूक्ष्मदर्शकात वाकून पाहत राहिले.
डब्यातली भाकरी गार झाली.
मग मागावर बोलायचे तसे मोठ्यानं:
"फाटलेलं न्हाई हे.
फाटलं तर दशा निघतात.
ह्याला किनार हाय बघ.
मागानं एवढंच इणलंय."

त्यांना बाजूला सारून मी पाहिलं.
झाकणाच्या मागच्या कडेला
सोनेरी केसांची एकेरी ओळ,
कुणी मोजून बसवल्यासारखी,
अकराच्या अकरांना.

मी वर्णनात लिहिलं: मागील कड सरळ, अखंड, केशयुक्त.
शास्त्राच्या भाषेत किनार बसेना.
आभारात एक ओळ: श्री. लिंबय्या चिलवेरी, माग कामगार,
निरीक्षणाबद्दल.
सरांनी विचारलं, कुठल्या संस्थेचे?

शेवटी चिठ्ठी.
नखाहून लहान कागद, चार ओळी,
सोलापूर इतक्या बारीक अक्षरात
मी आजवर लिहिलं नव्हतं.
नान्नज. तारीख. लेंड्यांखाली.
आणि शेवटी: लेग. र. चिलवेरी.

नायना भिंगातून अक्षर अक्षर लावत होते.
"लेग म्हंजे पाय? त्या लंगडीचा?"
नाही नायना. लॅटिन आहे.
जिनं वेचलं ती.
त्याच धातूचा दुसरा अर्थ वाचणं.
"वेचलं आन् वाचलं," ते म्हणाले,
आपलीच भाषा असल्यासारखं,
आणि पुन्हा भिंगात गेले.

मी काही बोलले नाही.
वाचलं कुठं.
अकराही टाचणीवर, पेटीत डांबरगोळीचा वास,
पहिल्या नराखाली लाल चिठ्ठी.
माळावर उरलेले किती,
ते वर्णनात विचारत नाहीत.

पंखा लावला नायनांसाठी,
आधी पेटी बंद करून.